केकचं शिलाई मशीन

२ फेब्रुवारी

ताईला काय आवडतं? मला खरंच सांगता येणार नाही. सकाळपासून आठवून बघतेय. चहा कमी साखरेचा घेते, पण तो आवडतो म्हणून की साखर पुरावी म्हणून, कोण जाणे. रंग म्हणाल तर मशीनवर ज्या रंगाचा दोरा असेल तो.

तिलाच विचारता येईल. पण विचारून दिलं त्यात काय मोठंसं? दुकानदारही विचारूनच देतो.

महिनाअखेरीच्या आधीच्या रविवारी ताईचं लग्न. जेवण मुलाकडचे देणार, केक आपण न्यायचा असं ठरलंय. ताई म्हणाली, कोपऱ्यावरच्या बेकरीतून आणा कुठलाही. मी जाहीर केलं की केक मी करणार. बाबा फक्त "तू?" म्हणाले आणि पुन्हा चपलेचा पट्टा शिवायला लागले. समाजशास्त्रात पहिला वर्ग मिळवणारी, घरातली पहिली पदवीधर मुलगी. तिला मैदा आणि अंडी आवरणार नाहीत असं घरच्यांनाच वाटावं?

उद्यापासून पाचला उठणे. केक अर्थपूर्ण असला पाहिजे. ही वही रोज लिहिणे.

३ फेब्रुवारी, दुपार

पाचचा गजर वाजला होता. आठला उठले. पण सुचायला शांत झोप लागते, हे सिद्ध झालं.

ताई नेहमीसारखी मशीनवर होती, पाठ माझ्याकडे. शाळांचे युनिफॉर्म चालू आहेत. मी मागून बराच वेळ बघत राहिले आणि एकदम लख्ख दिसलं. केक म्हणजे हेच मशीन. काळं, सोनेरी वेलबुट्टीचं, बाजूला चाक असलेलं. नववीत शाळा सोडून ताई या मशीनवर बसली. माझी फी, माझी पुस्तकं, माझा बसचा पास, सगळं या सुईखालून निघालं. श्रमप्रतिष्ठेवर मी शेवटच्या वर्षाला निबंध वाचला होता, बाईंनी त्याला उत्तम म्हटलं होतं. आता तोच निबंध लोकांना खाता येईल.

ताईला आत्ताच काही सांगायचं नाही. सरप्राइज.

४ फेब्रुवारी

ताई आज आपण होऊन माझ्याजवळ येऊन बसली. दार लावून घेतलं.

ताईचा होणारा नवरा नळजोडणीची कामं करतो. आमचं सिंक तुंबलं होतं तेव्हा आला, मग सिंक बरं असतानाही यायला लागला. त्याच्या आईचं पडद्यांचं दुकान आहे आणि दुकानात शिवणारी बाई टिकत नाही. ताई शिवते हे त्यांना माहीत नाही. त्याला माहीत आहे, आणि त्यानेच सुचवलं की आईला कळू द्यायला नको. कळलं तर पहिल्याच आठवड्यात ताई दुकानामागच्या खोलीत मशीनवर बसलेली असेल. लग्नानंतर ताईला दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर जागा मिळणार आहे, एक तारखेपासून. "पाठ टेकायची खुर्ची आहे गं," ती म्हणाली. खुर्चीचं तिने दोनदा सांगितलं.

एवढंच मागणं, की त्या लोकांसमोर मशीनचं नाव काढू नकोस. मी शब्द दिला.

नंतर विचार केला. आपल्याच कष्टांची माणसाला लाज वाटावी असं समाज वागतो, आणि माणूस त्याला आपली इच्छा समजतो. यावर आमच्या पुस्तकात अख्खं प्रकरण होतं. ताईचा दोष नाही. तिने ते वाचलेलं नाही.

शिवाय केक काही बोलत नाही. त्यामुळे शब्द मोडत नाही.

७ फेब्रुवारी

ओव्हन मिळाला. वरच्या मजल्यावरच्या काकूंकडे आहे. अटी: बटणांना हात त्याच लावणार, आणि त्यांची मालिका सुरू झाली की ओव्हन बंद, कारण टीव्ही आणि ओव्हन एकत्र लावले तर फ्यूज उडतो.

पहिला स्पंज मालिकेच्या वेळेला अर्धा झाला होता. मध्ये खड्डा पडला. काकू म्हणाल्या, खड्ड्यात क्रीम भर, कोण बघतंय. मी म्हटलं, काकू, पायाच खोटा असेल तर वरच्या इमारतीला काय अर्थ? त्या म्हणाल्या, मग दुसरा ओव्हन बघ.

खड्ड्यात क्रीम भरली.

१० फेब्रुवारी

आज स्ट्रक्चर. मशीनला खाली पाया, त्यावर उभा खांब, खांबातून निघालेला आडवा हात आणि हाताच्या टोकाला सुईचं तोंड. व्हिडिओतली बाई सांगते की आडव्या हातात काठी घाला. मी घालणार नाही. ज्याच्या आधाराने सगळं उभं राहतं तेच दिसू द्यायचं नाही, ही तर शोषणाची व्याख्या. माझ्या केकमध्ये जे असेल ते खाता येईल.

हे काकूंना समजावून सांगितलं. शेवटपर्यंत ऐकलं त्यांनी. मग म्हणाल्या, "तुझं लग्न ठरलं की आधी मला सांग, मी गावाला जाईन."

११ फेब्रुवारी

हात पडला. हवेत दमटपणा आहे.

१२ फेब्रुवारी

पुन्हा पडला. पण आज सावकाश पडला. प्रगती.

पडलेले हात घरात संपवावे लागतात. बाबा डबा उघडून बघतात आणि बंद करतात. हा त्यांचा सलग चौथा केकचा डबा. कारखान्यात ते रात्रपाळीचे पहारेकरी आहेत. गेटवरची कुत्री आता त्यांना दुरून ओळखतात म्हणे.

१४ फेब्रुवारी

वर लावायला साखरेचं फॉन्डंट लागतं. ते पांढरं असतं. त्यात काळा रंग घातला तर करडं झालं, आणखी घातला तर जांभळं, मग उरलेली बाटली ओतली. आता काळं आहे. माझे हातही कोपरापर्यंत.

याच हातांनी इंटरव्ह्यूला गेले. महिलांसाठी काम करणारी संस्था, माझ्या स्वप्नातली नोकरी. समोरच्या बाईंनी हातांकडे बघून विचारलं, छापखान्यात आहात का? मी संधी साधून कष्टांच्या प्रतिष्ठेवर बोलले. त्या मध्येच पाणी प्यायल्या. कळवतो म्हणाल्या. एकंदरीत छाप पडली.

आरशात पाहिलं तर जीभही काळी. चाखलं होतं ना. धुतली की जाईल.

१५ फेब्रुवारी

गेली नाही.

१७ फेब्रुवारी

आईने केक पाहिला. वरून आणून मी तो आमच्या खोलीतल्या कपाटाआड ठेवला होता, आई चादरी काढायला गेली. बराच वेळ बाहेर आली नाही, म्हणून मी आत गेले. हात अजून लावायचा होता, पण खांब, चाक आणि सोनेरी वेल बघून कुणीही ओळखलं असतं.

आई म्हणाली, "तिला हे बघवणार नाही."

मला भरूनच आलं. आईला सहसा माझं काही कळत नाही. ताईचे डोळे भरून येणार हे तिनं एका वाक्यात सांगितलं. मी म्हटलं, आई, तेच तर हवंय. आईने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी परक्या भाषेत बोलले. मग म्हणाली, विकतचा आण, माझ्याकडे आहेत थोडे. मी तिच्या कपाळाला हात लावून पाहिला, ताप नव्हता.

बाबांनाही दाखवला. ते म्हणाले, घरात एक आहे की, दुसरं कशाला? आमच्या घरात सिम्बॉलिक विचार करणारं कुणीच नाही. एकटं पडायला होतं.

१९ फेब्रुवारी

आडव्या हातात काठी घातली. तत्त्व सोडलेलं नाही, विस्तारलं आहे. आधार घेणं यात कमीपणा काय? आणि काठी कुठली तर ताईचीच, तिची कापड मोजायची लाकडी पट्टी. यापेक्षा अर्थपूर्ण काही असूच शकत नाही.

हात टिकला. चार तास टिकलाय.

ताई संध्याकाळभर पट्टी शोधत होती. शेवटचे युनिफॉर्म संपवायचे आहेत, लग्नाआधी हातावेगळे करायचे म्हणते. मीही तिच्याबरोबर शोधली. पलंगाखाली वगैरे.

२१ फेब्रुवारी

उद्या.

ताईला काम संपवता आलं नाही. कॉलरी राहिल्या. युनिफॉर्मवाला म्हणाला, बघू मी दुसरीकडे. ताई मशीनवर कापड झाकून हात झटकत उठली आणि कंबरेवर हात ठेवून मागे वाकली. कडकड आवाज झाला. आम्ही दोघी हसलो. कधी हसलो होतो आठवत नाही. तोंड झाकून घेत ती म्हणाली, सुटले बाई एकदाची.

हा लग्नाचा आनंद.

भाषणाचा प्रश्न नाही, शब्द दिलाय. पण कुणी विचारलंच तर, म्हणून चार ओळी लिहून ठेवल्या. चार पानं झाली.

२२ फेब्रुवारी, सकाळ

केक न्यायला भावोजींनी त्यांची कामाची व्हॅन पाठवली आहे. मागे पाइप आणि हत्यारं. मी केक मांडीवर घेऊन पाइपांवर बसणार आहे. ड्रायव्हरला सांगितलं, सावकाश. तो म्हणाला, ताई, या रस्त्यावर घाईने जायला तरी कुठे मिळतंय.

आज समाज बघेल.

२२ फेब्रुवारी, संध्याकाळ

नीट लिहिते.

पहिल्या गतिरोधकाला चाक गळालं. दुसऱ्याला सुईचं तोंड खाली झुकलं, कारण पट्टी तिथपर्यंत पोचत नव्हती. मी ते हाताने धरून ठेवलं. हॉलवर पोचेपर्यंत हातात फॉन्डंट राहिलं आणि तोंड लांब होऊन खाली वाकलं. वेलबुट्टी माझ्या पंजाबी ड्रेसवर उमटली.

तरी टेबलावर ठेवला. मागे सरकून पाहिलं. मला तर मशीनच दिसत होतं.

लग्न लागलं. ताई छान दिसत होती. चेहऱ्याकडे एवढा वेळ मी कधी बघितलं नव्हतं, ती सारखी समोरच होती ना. मग दोघं केककडे आले. मी जवळच उभी होते. ताईने केक पाहिला आणि तिचा चेहरा उतरला. उभा खांब, काळा रंग, आडवा हात. तिने ओळखलं. एवढ्या मोडतोडीतही ओळखलं. तिने माझ्याकडे पाहिलं नाही, सासूबाईंकडे पाहिलं.

तेवढ्यात भावोजींचे मामा ओरडले, "अरे, नळ."

सगळीकडे हशा पिकला. नळवाल्याच्या लग्नात नळाचा केक. बघा म्हणे, तोटीसुद्धा आहे. कुणीतरी भावोजींना पाना आणून दिला, त्यांनी तो केकच्या तोंडाला लावून फोटो काढले. सासूबाई माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाल्या, शिकलेली मुलगी, डोकं आहे हो. ताईच्या चेहऱ्यावर रंग परत आला. ती भावोजींच्या खांद्यावर डोकं ठेवून हसत होती, खूप हसत होती. केक कापला, वाटला. काळा रंग सगळ्यांच्या दातांना लागला, त्याचंही हसू झालं.

मी चार पानं हातात धरून उभी होते.

नळ. एवढे दिवस खपून नळ. माझ्या नव्हे, ताईच्या कष्टांना लोक तोटी म्हणून हसत होते आणि ती स्वतः त्यात सामील होती. हे बघत राहणं म्हणजे अन्यायात भाग घेणं. गाणी लावणाऱ्याकडे माइक होता.

मी म्हटलं, हा नळ नाही. हे शिलाई मशीन आहे. माझी बहीण नववीपासून त्यावर बसली आहे. अख्ख्या भागातली मुलं तिने शिवलेले गणवेश घालून शाळेत गेली, आणि तिच्या हाताला जी सफाई आहे ती कारखान्यात मिळत नाही. चौथं पान वाचलं नाही, कारण आईने येऊन माइकची वायर काढली. आईला वायर कुठली ते बरोबर कळलं.

सासूबाईंनी मला मिठी मारली. अगदी घट्ट. हसल्या तेव्हा त्यांचे दात काळेभोर दिसत होते. म्हणाल्या, एवढा गुण आणि आम्हाला पत्ताच नाही, दुकानात पडद्यांचा ढीग पडलाय. बाबांना म्हणाल्या, गुरुवारी व्हॅन पाठवते, मशीन देऊन टाका, तिचा हात बसलेलं मशीन बरं असतं.

म्हणजे सन्मान झाला. जाहीर सन्मान झाला.

निघताना ताई माझ्यापाशी थांबली. मी तिला जवळ घ्यायला गेले. ती हळूच म्हणाली, "कॉलेजात गप्प बसायला शिकवत नाहीत का गं?"

गाडीत बसताना तिने बाबांना हात केला, आईला केला.

२३ फेब्रुवारी

ताई दमली असेल. लग्नात माणूस काहीही बोलतं.

आई माझ्याशी फक्त मिठाबद्दल बोलते. आहे का, संपलं का.

फोटो आले. प्रत्येक फोटोत प्रत्येकाचे दात काळे. दोन्हीकडची मंडळी ओळीने उभी राहून हसतायत. एकात मी माइकसह आहे. माझे दात पांढरे आहेत, मी खाल्लाच नव्हता.

२४ फेब्रुवारी

ताईचा फोन आला. आईला. मी दाराशी उभी राहून ऐकलं. दवाखान्याचं काम सासूबाईंनी आधी महिनाभर पुढे ढकलायला सांगितलं, मग म्हणाल्या, घरचं दुकान सोडून दुसऱ्याच्या दारात कशाला? भावोजी बोलले, पण आईपुढे त्यांचं किती चालणार. मागची खोली झाडून ठेवली आहे. आई हूं हूं करत होती. शेवटी म्हणाली, खुर्ची तरी पाठीची मागून घे.

ताईला समजावणारं पत्र लिहायला घेतलं. घरच्या उद्योगात स्त्रीचा वाटा, या अंगाने. दोन परिच्छेद चांगले झाले. मग वाचून पाहिले. फाडले.

सासूबाईंना भेटून मुद्देसूद बोलावं असा विचार आला. सुरुवात काय करायची तेही जुळवलं. मग दिसलं की मी पुन्हा चार पानं काढतेय.

२५ फेब्रुवारी

मशीनवरचं कापड काढलं. दोरा ओवून पाहिला. मी लहानपणापासून या मशीनशेजारी अभ्यास केलाय, त्यामुळे निम्मं तरी येत असणार असं वाटलं होतं. दोरा कुठून कुठे जातो हेही मला माहीत नाही. पायडल मारलं की चाक उलटं फिरतं. खाली दोऱ्याचा गोळा झाला.

वरच्या काकू आवाज ऐकून आल्या. बघून म्हणाल्या, आता काय, मशीनच्या आकाराचं मशीन करतेस का? बसल्या मात्र शेजारी. त्यांनाही येत नाही. आम्ही दोघींनी मिळून सुई मोडली.

पाठ दुखतेय. एकाच दिवसात.

२६ फेब्रुवारी

व्हॅन आली. भावोजी स्वतः आले होते, बरोबर तोच ड्रायव्हर. बाबा रात्रपाळी करून झोपले नव्हते, दाराशी उभे. आई आत.

मी सांगितलं, मशीन जाणार नाही.

भावोजी म्हणाले, आईला काय सांगू? मी म्हटलं, सांगा, ते माझं आहे. माझं पोट आहे त्यावर, बहिणीला दिलं तर मी काय करू? ते मशीनकडे बघत राहिले. त्यात अर्धी कॉलर अडकली होती, वाकडी. "येतं तुम्हाला?" त्यांनी विचारलं. येतं म्हटलं.

ते हसले नाहीत. ड्रायव्हरला म्हणाले, चल. जाताना थांबून सांगितलं की मशीन नाही म्हटल्यावर आई नवीन घेईलच असं नाही, पण घेईल. तिला ओळखतो. नवीन येईपर्यंत काही दिवस मिळतील, तेवढ्यात ते दवाखान्याचं बघतील. बघतो असंच म्हणाले, होईल असं नाही.

ताईचा निरोप विचारला. त्यांनी नाही म्हणून मान हलवली.

पोट आहे असं सांगितलं तर ते असायला हवं. खोटं पकडलं जाईल, पडदेवाल्या बाई चौकशी करणाऱ्यातल्या आहेत. म्हणून व्हॅन यायच्या आधीच, सकाळी दुकान उघडताना मी युनिफॉर्मवाल्याकडे गेले होते. ताईच्या राहिलेल्या कॉलरी अजून त्याच्याकडेच होत्या. रात्री नवी सुई लावून मी एक नमुना शिवून नेला होता. त्याने तो उलटा करून बघितला, सुलटा करून बघितला आणि म्हणाला, हा मोठीचा हात नाही. नाही म्हटलं. म्हणाला, कुठलंही पोर ही घालायचं नाही. उसवून पुन्हा आण. पण गठ्ठा दिला. दुसरी कुणी मिळत नाहीये.

संस्थेकडून पुढच्या फेरीचं बोलावणं आलं होतं, सोमवारचं. हात काळे असूनही. आणखी एका ठिकाणचं बुधवारचं. कॉलरी शनिवारपर्यंत द्यायच्या आहेत, आणि मग पुढचा गठ्ठा. दोन्हीकडे फोन करून येत नाही असं कळवलं आहे.